तपासले, २३१

पहिलं बाई काम, तारेला विचारावं
जागी की निजलेली, मीटरानं ओळखावं.

हा आवाज ठकीच्या कानात तेवीस वर्षं मुक्कामाला होता. काकाचा आवाज. थोडा घोगरा, ओळीच्या शेवटी किंचित वर उचललेला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घरामागच्या वर्कशॉपात, दाराजवळच्या उलट्या बादलीवर बसून ती काकाचं काम बघायची. काका वेल्डिंगचे नियम सांगत नसे, गात असे. गाणी त्याचीच, चालही त्याचीच. आप्पा, म्हणजे ठकीचे वडील आणि काकाचे थोरले भाऊ, पलीकडून कुरकुरायचे, "अरे, लोखंड जोडतोयस की पाळणा हलवतोयस?" आणि काका म्हणायचा, "दोन्ही दादा, दोन्ही. झोका चुकला की पोर पडतं, हात चुकला की जोड पडतो."

मग एक दिवस नवं मशीन जळालं आणि गाणं थांबलं.

आज पुन्हा नवं मशीन आलं होतं. सकाळी आठला टेम्पोवाल्याने खोकं दारात उतरवलं, तेव्हापासून ठकीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. बत्तीस वर्षांची बाई, पण टेप फाडताना अशी घाई करत होती की आईने विचारलं, "नवरदेव निघणार आहे का गं त्यातून?"

"त्याच्यापेक्षा बरं काहीतरी," ठकी म्हणाली. "हे बंद केलं की गप्प बसतं."

थर्माकोलातून निघाली ती एक पिवळी पेटी. एका हाताने उचलता येईल एवढी. जुना ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात बसला होता, चाकं असूनही दोघांनी ढकलल्याशिवाय न हलणारा, तेलाने काळा पडलेला, म्हशीसारखा. त्याच्यापुढे ही पेटी कोकरासारखी दिसत होती. आप्पा स्टुलावर बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना वेल्डिंगच्या जाळापासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून आता ते फक्त बसत आणि चुका काढत.

"हे काय वेल्डिंग करणार? ह्याने फार तर छत्री दुरुस्त होईल."

"बघालच चार वाजता."

चार वाजता काका येणार होता. सगळी धांदल त्याच्यासाठीच होती. मशीन जळालं त्या दिवसानंतर काकाने वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नाही. शाळेत शिपाई म्हणून लागला आणि तेवीस वर्षं घंटा देत राहिला. पोरं त्याला टोलेकाका म्हणत. घरी यायचा, पुढच्या खोलीत बसायचा, भावाशी हवापाण्याचं बोलायचा. पण वर्कशॉपात उघडणाऱ्या मागच्या दारापलीकडे त्याने कधी पाऊल टाकलं नाही. गेल्या आठवड्यात तो निवृत्त झाला. ठकी लगेच जाऊन बसली त्याच्याकडे. नव्या मशीनवर वेल्डिंगची पहिली काडी तुम्हीच ओढायची, म्हणाली. काका नाही म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ठकूबाई, जोडणीला मला बोलवू नकोस. माझा हात लागला की मशीन जळतं, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तू ते चालू करून ठेव. नीट चालत असलं तर चारला येतो आणि एक काडी ओढतो. पण दारातून मला काही बिघडलेलं दिसलं, तर मी तिथूनच परत फिरणार. मग पुन्हा विचारू नकोस."

म्हणून चारच्या आत पेटी बिनतक्रार चालायला हवी होती. बिघडायला आज परवानगी नव्हती.

*

दुसरं बाई काम, पेटीला वारा द्यावा
भिंतीला पाठ नको, हातभर ठेवा दुरावा.

ठकी मनातल्या मनात गुणगुणत जागा ठरवत होती. खिडकीखालची फरशी ओलसर असते, तिथे नको. ग्राइंडरजवळ लोखंडाचा भुगा उडतो, पंख्याने आत ओढला तर पेटीच्या पोटात दुखणार, तिथेही नको. शेवटी आतल्या भिंतीकडच्या कोरड्या लाकडी फळीवर तिने पेटी ठेवली, मागे एक हात जागा सोडली. थिनरचा डबा आणि तेलकट चिंध्या अंगणापलीकडच्या खोलीत नेऊन टाकल्या. वाळूची बादली भरली. दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

कामाचं लोखंडी टेबल तर तिने परवाच सजवून ठेवलं होतं. घासून, पुसून, वरपासून पायापर्यंत हिरवागार रंग. काका येणार म्हणून.

"टेबलाला रंग देणारी पहिलीच वेल्डर तू," आप्पा म्हणाले होते. "आता त्याला ओढणी पण शिव."

तिने पेटीची वायर उलगडली. नवा कोरा तीन पिनांचा जाड प्लग. भिंतीवर लाल झाकणाचा मोठा सॉकेट होता, जुना ट्रान्सफॉर्मर तिथूनच चालायचा. प्लग त्यात बरोबर बसणार होता, जणू मापाने केलेला. ठकीने झाकण उचललं, प्लग तोंडाशी नेला.

स्टूल करकरलं. तिने मागे पाहिलं. आप्पा अर्धवट उठले होते. एक हात पुढे, तोंड उघडं.

"काय?"

"काही नाही." ते बसले. मग म्हणाले, "घाई करू नकोस एवढंच."

तारेला विचारावं. ठकीने प्लग खाली ठेवला आणि मीटर काढलं. आधी घरातल्या दिव्याच्या सॉकेटवर जाऊन बघितलं, मीटर खरं बोलतंय ना म्हणून. दोनशे तीस. बरोबर. मग लाल सॉकेटमध्ये टोकं घातली.

चारशे बारा.

तिने टोकं काढली, पुन्हा घातली. चारशे बारा. घरात जाऊन आली. दोनशे तीस. परत इकडे. चारशे अकरा.

 पेटीच्या मागच्या पट्टीवर स्वच्छ लिहिलं होतं, दोनशे तीस. प्लग आत गेला असता तर एक धडाका, धूर आणि तो जळक्या वार्निशचा वास. तो वास तिला पाठ होता. नऊ वर्षांची असताना आठवडाभर तो तिच्या केसांत राहिला होता.

"आप्पा, ह्या सॉकेटला दोन फेज आहेत."

"असणारच. जुन्या मशीनला दोन फेज लागतात."

"कधीपासून?"

आप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "पहिल्यापासून," म्हणाले.

*

ठकीने फ्यूजला फोन केला. फ्यूज म्हणजे गल्लीतला वायरमन. पटकन तापतो आणि पटकन उडतो, म्हणून ते नाव. पण कामात चोख. अर्ध्या तासात आला, घडलेलं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"ताई, मोजलंत म्हणून वाचलात. प्लग बसतो म्हणजे सगळं बसतं, असं समजणारे लोक माझं पोट चालवतात."

त्याने भिंतीवरचा मेन बंद केला, खटक्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वर पाटी अडकवली, 'माणूस कामावर आहे'. तरीही लाल सॉकेट उघडण्याआधी त्याने आपलं मीटर लावून बघितलं. शून्य. "मेनवर माझा विश्वास आहे," म्हणाला, "पण सासऱ्यावरही होता."

ठकी बॅटरी धरून शेजारी उभी होती. चार स्क्रू निघाले, सॉकेट बाहेर आला. मागच्या डब्यात कोळ्याची जाळी, धूळ, आणि एका कोपऱ्यात दुमडून कोंबलेली एक काळी तार, तोंडाला टेप गुंडाळलेली.

"अरे वा," फ्यूज म्हणाला. "न्यूट्रल इथेच आहे की. हा सॉकेट आधी सिंगल फेजचाच होता ताई. कुणीतरी नंतर काळी तार काढून तिच्या जागी दुसरा फेज दिलाय. आणि हे काय?"

डब्याच्या आतल्या बाजूला कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. पिवळी पडलेली, कडा कुरतडल्यासारख्या. ठकीने बॅटरी जवळ नेली. अक्षर तिने लगेच ओळखलं. काकाची सवयच होती ती. कुठलाही सॉकेट मोजला की आकडा, तारीख, वेळ लिहून आत चिठ्ठी डकवायची. उद्या उघडणाऱ्याला निरोप, म्हणायचा.

'तपासले. २३१. सकाळी नऊ.' खाली तारीख.

तारीख ठकीच्या नवव्या वाढदिवसाची होती.

तिला तो दिवस फ्रॉकच्या बटणांसकट आठवत होता. काका सकाळी नवं मशीन मांडून, सॉकेट मोजून, काड्या आणायला बाजारात गेला होता. उन्हं कलताना परत आला. तिला म्हणाला, "बघ हं ठकूबाई, आता सूर्याची धाकटी लेक आपल्या घरी येते." आणि प्लग लावला. धडाम. धूर. आईने ठकीला उचलून बाहेर नेलं होतं. मग वर्कशॉपातून आप्पांचा आवाज, "तू मोजलंच नाहीस. किंवा शेजारचा सॉकेट मोजलास. दुसऱ्यांना गाऊन शिकवतोस आणि स्वतः..." काका एवढंच म्हणत होता, "मी मोजलं होतं रे दादा. मोजलं होतं." मग हळूहळू तेही थांबलं. रात्रीपर्यंत त्याचं त्यालाच खरं वाटेनासं झालं असावं.

सकाळी नऊला दोनशे एकतीस. संध्याकाळी दोन फेज. आणि मधल्या वेळात वर्कशॉपात एकच माणूस होता.

ठकीने मान वळवली. आप्पा स्टुलावर ताठ बसले होते, नजर चिठ्ठीवर. त्यांना एवढ्या लांबून अक्षर दिसणं शक्य नव्हतं. पण काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तिने चिठ्ठी नखाने अलगद सोडवली, आप्पांजवळ गेली आणि त्यांच्या स्टुलाशेजारच्या फळीवर ठेवली. वारा येत होता, म्हणून वर एक नट ठेवला.

"काका चारला येणार आहे," एवढंच म्हणाली.

*

फ्यूजने काळी तार तिच्या जागी परत आणली. नवा ब्रेकर बसवला, अर्थिंगची तार ओढून बघितली, ती पक्की आहे म्हटल्यावर स्वतःची पाठ स्वतःच थोपटली. जुन्या म्हशीसाठी वेगळ्या आकाराचा सॉकेट पलीकडच्या भिंतीवर दिला, म्हणजे चुकूनसुद्धा इकडचा प्लग तिकडे जायला नको. मेन चालू झाला. ठकीने मोजलं. दोनशे एकोणतीस. तिने कागदाचा तुकडा घेतला, 'तपासले. २२९. दुपारी सव्वातीन' असं लिहिलं आणि झाकणाच्या आत डकवलं.

मग प्लग लावला, बटण दाबलं.

पेटीचा पंखा घुमला. बारीक, एकसुरी, झोपेतल्या मांजरासारखा. हिरवा दिवा लागला. आई मागच्या दारात येऊन उभी होती, तिने नकळत टाळी वाजवली आणि मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. बाहेर कुंपणापाशी शाळेतली दहाबारा पोरं जमली होती. टोलेकाका वेल्डिंग करणार ही बातमी कुणी फोडली कोण जाणे. ठकीने त्यांना पडद्याआड पिटाळलं. "एकानेही जाळाकडे डोकावलं तर घरी पाठवीन. रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, माहीत आहे?"

चारला दहा कमी होते. काका येण्याआधी एकदा बघून घ्यावं, म्हणून तिने चामड्याचे हातमोजे चढवले, होल्डरला काडी लावली, अर्थिंगचा चिमटा टेबलाच्या कडेला लावला. टेबलावर दोन घासलेल्या पट्ट्या. डायल एकशे दहा अँपिअरवर. डोक्यावरचा मुखवटा खाली केला आणि काडीचं टोक पट्टीवर आगकाडीसारखं ओढलं.

फर्र. विझलं.

पुन्हा. फर्र, फट्, विझलं. तिसऱ्यांदा काडी पट्टीला चिकटूनच बसली. तिने हिसका देऊन सोडवली. दिवा हिरवाच. पंखा चालू. मग रुसवा कसला? तिने डायल एकशे तीसवर नेला. काडी पुन्हा चिकटली. मोज्यांत हात घामाने भिजले. पाच कमी. तिने होल्डरची पकड पाहिली, ठीक. वायरचे जोड पिळून पाहिले, घट्ट. काडी बदलली, कोरडी ठणठणीत नवी. फर्र. विझलं.

"आपण चुकीची पेटी आणली का गं?" आई हळूच म्हणाली.

"आई, तू आत जा."

"जाते. पण सांगते, ह्या घरात दोन भाऊ आहेत, एकाने तोंड शिवून घेतलंय आणि दुसऱ्याने पाय. तुझी पेटी सुधारेलही, ह्यांचं काय करशील?"

ती म्हणाली खरं, पण आत गेली नाही. वळताना थबकली आणि बाजूला झाली. तिच्यामागे काका उभा होता.

इस्त्रीचा शर्ट. पायात पॉलिश केलेले बूट, जे त्याने शाळेच्या निरोप समारंभातही घातले नव्हते. उंबऱ्याच्या अलीकडे, बोटभर अंतरावर थांबलेला. त्याने पट्टीवरचे काळे डाग पाहिले, ठकीचा घामेजलेला चेहरा पाहिला, आणि त्याच्या ओठांवरचं हसू दिवा मालवावा तसं गेलं.

"बघ," तो म्हणाला. "मी आलो नाही तोवरच."

"काका, चालू आहे ती. दिवा बघा ना. फक्त..."

"असू दे ठकूबाई. तुझ्यावर राग नाही." तो वळला.

 ठकीने एकच गोष्ट केली. मुखवटा पाडला, आणि काडी पुन्हा ओढली.

फर्र. फट्.

बुटांचा आवाज थांबला.

"पुन्हा ओढ," काका पाठमोराच म्हणाला.

फर्र. फट्. फट्.

"हे मशीनचं खोकणं नाही." तो अजून पाठमोराच होता, मान तिरकी करून ऐकत होता, वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या मास्तरासारखा. "हे चिमट्याचं आहे. चिमटा कुठे लावलायस?"

"टेबलाला."

काका वळला. त्याने टेबल पाहिलं. वरून खाली, खालून वर. हिरवंगार, तजेलदार, पानासारखं.

"टेबलाला रंग कुणी दिला?"

"मी."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

काकाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसू आधी पोटात, मग छातीत, मग सगळ्या वर्कशॉपात. आईने पदर तोंडाला लावला. पडद्याआडची पोरंही काही न कळता हसायला लागली.

"अगं ठके, वीज येणार कुठून? तू तिच्या दाराला हिरवी भिंत बांधलीस." आणि हसता हसताच तो उंबरा ओलांडून आत आला होता. त्याला स्वतःला ते कळलंही नाही. कानस कुठल्या खिळ्याला असते ते त्याच्या हाताला अजून माहीत होतं. कानस तिथेच होती. टेबलाची कड आणि पट्ट्यांखालची जागा त्याने दोन बोटं रुंद खरवडली, हिरवी साल निघाली, खाली चकचकीत लोखंड आलं. आणि त्याच्या ओठांतून, तेवीस वर्षं गंजत पडलेलं, किरकिरत, मग सुरात येत ते निघालं.

तिसरं बाई काम, चिमटा उघड्या लोखंडा लावावा
रंग खरवडावा आधी, मग भाऊ भावाला भेटावा.

शेवटच्या शब्दावर तो अडखळला. स्टुलाकडे त्याची नजर गेली. आप्पा तिथे होते, मान खाली, हातात काहीतरी धरून.

"डायल खाली आण," काका घाईने ठकीला म्हणाला. "एकशे दहा पुरे. तापलेल्या माणसाला आणखी तापवू नये." ठकीने आपला मुखवटा त्याच्या डोक्यावर चढवला, मोजे त्याच्या हातांत घातले, स्वतःसाठी हातात धरायची काळी काच घेतली. आप्पांना म्हणाली, "आप्पा, डोळे." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

काकाने काडी ओढली.

आणि ती आली. काचेच्या हिरव्या अंधारात एक लखलखीत थेंब पेटला, थरथरला, मग स्थिर झाला आणि चालू लागला. आवाज आता खोकल्याचा नव्हता. तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा सलग, भरलेला, तृप्त. काकाचा हात सुरुवातीला कापला, जोड किंचित वाकडा गेला. मग त्याला त्याची चाल सापडली. बारीक चंद्रकोरी एकीवर एक चढत गेल्या. काडी संपत आली तेव्हा त्याने ती अशी उचलली की जणू झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतोय.

मुखवटा वर झाला. काकाचे डोळे भरलेले होते. धूर, म्हणाला. हातोडीने त्याने वरची मळी हळूच टकटकवली, ती खवल्यासारखी उडाली आणि खाली रुपेरी शिवण उघडी पडली. ठकीला उडी मारावीशी वाटली. तिने मारलीही, छोटीशी.

"सुरुवातीला वाकडी आहे," काका म्हणाला.

"पण पुढे सरळ झाली," ठकी म्हणाली.

"मशीन जळालं नाही." तो पेटीवर हात ठेवून, पंख्याची घुमण तळव्यात घेत उभा होता. "माझा हात लागूनसुद्धा जळालं नाही ठकूबाई."

स्टूल करकरलं. आप्पा उठले होते. ते टेबलापर्यंत आले, चाचपडत नव्हे, पण वाट लांबची असल्यासारखे. त्यांनी मुठीतली चिठ्ठी टेबलावर ठेवली, नेमकी तिथे जिथे काकाने रंग खरवडला होता, आणि बोटाने सरळ केली. काकाने वाकून पाहिलं. आपलंच अक्षर. आकडा. तारीख. तो वाचत राहिला, एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा परत येत.

 पंखा तेवढा चालू होता. ठकीने हात लांब करून बटण बंद केलं, म्हणजे मग काहीच आवाज उरला नाही.

"तू बाजारात गेला होतास," आप्पा म्हणाले. आवाज कोरडा, पहिल्या फटक्याला विझणाऱ्या काडीसारखा. ते थांबले. पुन्हा सुरू झाले. "दुपारी एक लोखंडी फाटक दुरुस्तीला आलं. तातडीचं. जुन्या मशीनची नेहमीची लाइन गेली होती, म्हणून ते या कोपऱ्यात ओढलं. सॉकेट उघडला तेव्हा ही चिठ्ठी दिसली मला. वाचली. दहा मिनिटांचं काम आहे, झालं की तार परत लावू, म्हटलं. फाटक गेलं. मी विसरलो. तू आलास. मशीन जळालं, तू मोजलं होतं म्हणत होतास, आणि पेचकस माझ्या खिशात होता, इथे, छातीशी. मी तुझ्यावर ओरडत होतो आणि तो मला टोचत होता." त्यांनी भावाकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच इतकं सरळ.

"तू मोजलं होतंस. तार मी बदलली होती."